मामाचं ताट

माणसं लग्नाला निघाली की कपड्यांचं बोलतात, आहेराचं बोलतात, कोण येणार नि कोण नाही याचं बोलतात. आनंदाच्या घरात मात्र गेले आठ दिवस एकच विषय चालला होता, तिथं जाऊन खायचं काय. आज पनवेलच्या रस्त्याला गाडी लागली तरी सून काही तो विषय सोडायला तयार नव्हती. मनिषा एका हातानं स्टेअरिंग धरून सासऱ्याची तोंडी परीक्षा घेत होती.

"रस्सा?"

"नाय."

"सुकट, बोंबील?"

"नाय."

"पापड, लोणचं?"

"अगं नाय बोललो ना. किती वेळा इचारशील?"

"मटणाच्या फोडी?"

"दोन."

"लहान दोन. सरबत आलं तर नको म्हणायचं नाही, हातात घ्यायचं, ओठ लावायचे आणि हळूच खाली ठेवायचं. पाणी घोट घोट. आणि पप्पा, घरून जेवून निघालोय आपण, हे लक्षात ठेवा. भूक नाहीये तुम्हाला. वास आला की भूक लागल्यासारखं वाटेल, पण ती भूक नसते."

"मंग काय असते?"

मनिषानं गिअर बदलला.

जेवून निघालो म्हणजे काय, तर भात आणि दुधी. दीड वर्ष झालं, आनंदाच्या ताटात मीठ नावाला उरलं होतं. पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितले आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, किडन्या दमल्यात, पण गोळ्या वेळेवर घेतल्या आणि खाणंपिणं सांभाळलं तर अजून पुष्कळ वर्षं काम देतील. आता ज्याचा बाप मिठागरात, आजा मिठागरात, ज्याचं लहानपण आगरातल्या चिखलात पाय बुडवून गेलं, त्याला मीठ बंद करा म्हणायचं. आनंदा तेव्हा हसला होता. घरी आल्यावर मात्र मागच्या दारी जाऊन बराच वेळ बसला. लहानपणी दुपारच्या उन्हात त्याची मोठी बहीण भामाताई त्याच्या हातावर मिठाचा खडा ठेवायची आणि वर कच्ची कैरी द्यायची. ती खारट-आंबट चव त्याला कधीही, कुठंही आठवायची आणि जिभेला पाणी सुटायचं. गेलं दीड वर्ष तर रोजच आठवत होती.

पण खरं दुखणं ते नव्हतं. भामाताई त्याच्याशी नऊ वर्षं बोलली नव्हती, हे खरं दुखणं.

नऊ वर्षांपूर्वी आनंदाच्या मुलाचं, हरेशचं लग्न हॉलमध्ये झालं. नवऱ्या मुलाला बाशिंग बांधायचा मान आत्याचा. पण हॉलवाल्यांची घाई, फोटोवाल्याची त्याहून घाई, आणि आत्या साडी बदलायला गेली तेवढ्यात आनंदाच्या मेव्हणीनं बाशिंग बांधून टाकलं. भामा परत आली तर सगळं उरकलेलं. आनंदा तिला म्हणाला, "झालं ना आता, येवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस?" बस, तेवढं वाक्य. भामा न जेवता निघून गेली. नंतर आनंदाची बायको दमयंती वारली तेव्हा ती आली होती, पण पाणीसुद्धा न घेता गेली. आपल्याकडे भांडण मिटलं की नाही ते ताटावर कळतं. दारात येऊन गेलं, गळ्यात पडून रडलं, त्याला काही किंमत नाही. जेवला का? जेवला असेल तर मिटलं.

म्हणून केतन, भामाचा मुलगा, बहिणीची पत्रिका घेऊन आला तेव्हा त्यानं निरोप जसाच्या तसा सांगितला. "मामा, आई बोलली, येणार असशील तर मामाच्या ताटावर बसून जेव. नुसता तोंड दाखवाला येऊ नको."

आणि आनंदानं त्याच दिवशी ठरवलं होतं, की ताटात जे येईल ते खाणार. मनिषाला तो गाडीत हो हो म्हणत होता ते तिच्या समाधानासाठी. एका दिवसानं काय मरत नाही माणूस.

"आत्यांना सांगितलंत तर काय बिघडेल?" मनिषा कळंबोलीच्या सिग्नलला पुन्हा म्हणाली. "पथ्य आहे म्हटलं की आत्या समजून घेतील."

"समजून घेईल, तेच नको हाय. आजारी हाय म्हणून दया आली नि बोलली, असं नको मला. नि हळदीच्या मांडवात दुखण्याची गोष्ट काढायची? उद्या पोरीला मांडवात न्यायचंय मला. तिचा दीर तुळशीराम लगेच बोलंल, मामा आजारी, दुसरा कोण चुलत मामा बघा. तू शप्पथ घेतलीस, इसरू नको."

मनिषानं शपथ घेतली होती खरी. ती आता तिला भारी पडत होती.

सुकापुरात पूर्वी भामाच्या घरासमोर शेत होतं. आता तिथं सात मजली इमारत उभी राहिली होती, आणि मांडव तिच्या पार्किंगपर्यंत गेला होता. केळीचे खांब, आंब्याची पानं, कोपऱ्यात डीजेवाले बॉक्स रचत होते. चुलाणावर मोठा टोप चढला होता. मटणात मसाला पडला असणार, कारण आनंदा गाडीतून उतरला आणि दोन पावलांवर थांबलाच. तो आगरी मसाल्याचा वास, त्यात तव्यावर भाजल्या जाणाऱ्या बोंबलांचा. डोळ्यात पाणी आलं त्याच्या. वासानं आलं की बहिणीच्या दारात आल्यानं, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"या या, मामासाहेब," तुळशीराम पुढं आला. हा भामाचा मोठा दीर, घरातला कारभारी, बोलायला गोड आणि डोळे सगळीकडे. "आमाला वाटलं, तुमी वाट चुकलात. नऊ वर्सं चुकलात म्हणजे लयच लांबची वाट."

"आलो ना आता."

"आलात. आता जेवलात म्हणजे खरं. सरबत आणा रं मामांना."

सरबत आलं. आनंदानं ग्लास हातात घेतला, ओठ लावले, खाली ठेवला. तुळशीरामनं ग्लासाकडे बघितलं आणि मग आनंदाकडे. त्यानं केतनला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं, आणि केतनचा चेहरा पडला.

भामा ओटीवर उभी होती. हिरवं लुगडं, कपाळाला हळद, केस सगळे पांढरे झालेले. आनंदाच्या डोक्यात तिची जी मूर्ती होती तिचे केस काळे होते. ती अशी म्हातारी कधी झाली, आपण बघितलंच नाही, असं त्याला एकदम वाटलं.

"आलास?"

"आलो, ताई."

"पोरगी आत हाय. भेट जा."

एवढंच. ती वळून कामाला लागली.

स्नेहल आतल्या खोलीत पाटावर बसली होती. सकाळीच सवाष्णींनी पहिली हळद लावली होती, चेहरा, हात, पाय पिवळेधमक. मामाला बघून उठायला गेली, तर बायांनी खाली दाबली. मग बसूनच तिनं त्याचे दोन्ही हात धरले.

"मामा, मला वाटलं नव्हतं तू येशील."

"तुज्या लग्नाला नाय येणार तर कोणाच्या येणार?"

"बरं झालं आलास. बघ माझे काय हाल करतायत. बाहेर मटण शिजतंय आणि मला हे." तिनं समोरचं भांडं दाखवलं. भात, वरण, पडवळाची भाजी. "या घरात हळद लागली की नवरीला मीठ बंद. लग्न लागेपर्यंत अळणी. अरे, सकाळपासूनच जीव नकोसा झालाय. कसं खातात रे माणसं असं?"

"खातात," आनंदा म्हणाला. "सवय होते." आणि मग पुढं काही तोंडातून जायच्या आत बाहेर आला.

ऊन उतरताना मामाच्या मानाची वेळ झाली. संध्याकाळी गावजेवण, त्याआधी मामा जेवणार, ही तिथली पद्धत. मांडवाच्या मधोमध पाट मांडला, भोवती रांगोळी. बायका, भावकी, शेजारच्या इमारतीतले दोघं-तिघं मोबाईल घेऊन, सगळे कोंडाळं करून उभे राहिले. आधी मामाचे पाय धुवायचे. केतन तांब्या घेऊन उभा राहिला आणि भामा खाली बसली.

आनंदानं मोजे काढले. पाय संकोचानं आत ओढले, तर भामानं घोटा धरून परातीत ओढून घेतला. पाणी कोमट होतं. तिनं एक पाय धुतला, मग दुसरा. तिचा अंगठा त्याच्या नडगीवर दाबला गेला, थांबला, उचलला. तिनं पुन्हा दुसऱ्या जागी दाबला. आनंदा तिच्या पांढऱ्या भांगाकडे बघत होता. आता ती काहीतरी बोलेल, वर बघेल, असं त्याला वाटत होतं. नऊ वर्षं त्यानं या घटकेची वाट बघितली होती. पण ती वर बघेना. केतन म्हणाला, "आई, झालं ना, पाणी संपलं," तेव्हा तिनं पदरानं पाय पुसले आणि उठून तोंड फिरवून आत गेली.

राग आहे अजून, आनंदाच्या मनात आलं. ठीक आहे. जेवलो की जाईल.

ताट आलं. तांदळाची पांढरी भाकरी, तळलेले वडे, वाटीत लाल तर्रीचा रस्सा, वेगळ्या वाटीत सुकं मटण, भाजलेले बोंबील, सुकटीची चटणी, कैरीचं लोणचं, पापड. आनंदानं ताट बघितलं आणि त्याला आधी मिठाचीच आठवण आली, मग आईची, मग त्या बहिणीची जी त्याला कैरी भरवायची. आज मी खाणार, त्यानं मनाशी म्हटलं. पोटभर खाणार. मनिषा त्याच्या मागं उभी होती. तिनं हळूच त्याच्या खांद्याला हात लावला. त्यानं तो बाजूला केला.

"करा सुरू, मामा," तुळशीराम म्हणाला. "का आमच्या घरचं चालत नाय तुमाला? सरबतबी तसंच ठेवलात."

आनंदानं बोंबील मोडला. तुकडा तोंडाशी नेला. वास नाकात गेला आणि त्याचे डोळे मिटले.

तेवढ्यात समोरचं ताट उचललं गेलं.

त्यानं डोळे उघडले. भामा ताट हातात घेऊन उभी होती. त्याच्या बोटातला तुकडासुद्धा तिनं काढून घेतला, ताटात टाकला आणि वळून आत चालू लागली.

डीजेवाल्यानं तेवढ्यात बॉक्स तपासायला एक ठोका वाजवला, त्याला कुणीतरी गप केलं. तुळशीराम लोकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "नऊ वर्साचा राग हाय तो. असा थोडाच जातो?"

आनंदा उठून उभा राहिला. हात रिकामा, पाय अनवाणी. त्याला कळेना बाहेर जावं की आत. मिठापेक्षा, मटणापेक्षा, सगळ्यापेक्षा जे हवं होतं तेच तिनं उचलून नेलं होतं.

"ताई," तो ओटीकडे बघून म्हणाला. "मी चुकलो तवा. तुज्या पाठी याला पायजे होतं, आलो नाय. तू मला शिव्या दे, मार. पण ताटावरनं उठवू नको. नऊ वर्सं मी तुज्या घरचा येक घास मागतोय."

दोन-चार बायांनी डोळ्याला पदर लावला. मनिषाचं तोंड उघडलं होतं, शपथ गेली चुलीत, आता सगळं सांगून टाकायचं असं तिनं ठरवलंही होतं. "आत्या," तिनं हाक मारली.

"गप बस, पोरी," आतून भामा म्हणाली.

आणि ती बाहेर आली. हातात तेच ताट, घासून पुसून घेतलेलं. त्यात भात, वरण, पडवळाची भाजी आणि एक वडा. वडा कोरडा, बाकी काही नाही. तिनं ताट पाटासमोर ठेवलं.

"बस खाली."

आनंदा बसला. त्याला काही समजत नव्हतं.

"हे काय?" तुळशीराम पुढं आला. "वयनी, हे नवरीचं अळणी. मामाचं ताट मटणाचं आसतं. लोक काय बोलतील?"

"मामा उद्या नवरीला मांडवात आणणार," भामा म्हणाली, हात कमरेवर. "ज्यानं नवरी आणायची त्यानं नवरीचंच खायचं. आमच्या माहेरची रीत हाय ती."

"ही रीत आमी कवा ऐकली नाय."

"माज्या लग्नात माजा मामा काय जेवला, ते बघाला तुमी आल्तात आमच्या घरी? तुमी हॉटेलात बसलावतात वऱ्हाडाची वाट बघत."

बायका हसल्या. तुळशीराम त्या दिवशी कुठं बसला होता ते सगळ्या गावाला माहीत होतं. तो पुटपुटत मागं सरला आणि टोपाकडे लक्ष द्यायला गेला. माहेरची रीत म्हटल्यावर पुढं बोलायची सोयच नव्हती. एका म्हातारीनं तर मान डोलावून, असतं असं कुठंकुठं, असं सांगूनही टाकलं.

आनंदाला पक्कं ठाऊक होतं की असली रीत त्यांच्या घरात कधी नव्हती. त्यांचा मामा भामाच्या हळदीला इतकं मटण जेवला होता की त्याला हातगाडीवरून घरी न्यावा लागला. त्यानं बहिणीकडे बघितलं. ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली, त्याच ताटातला भात कालवला आणि पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला.

"खा," ती म्हणाली.

त्यानं खाल्लं. भाताला चव नव्हती, वरणाला चव नव्हती, पडवळ पाण्यासारखं. पण तो खात राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत राहिलं, ते त्यानं पुसलं नाही. कोंडाळं हळूहळू पांगलं. मामा जेवला, झालं, मिटलं, असं एकमेकांना सांगत माणसं आपापल्या कामाला लागली. केतननं आईकडे बघून मोठा श्वास सोडला आणि डीजेवाल्याला हात केला. गाणं सुरू झालं तशी त्या दोघांचं बोलणं दोघांपुरतंच राहिलं.

"कवापासून?" भामानं विचारलं.

"काय?"

"आनंद्या, आयचे पाय शेवटपरेंत मीच दाबले. अंगठा दाबला की खड्डा तसाच राहायचा. मला बोटाला कळतं. कवापासून?"

"दीड वरीस."

"नि मला कळवला नायस."

"तू बोलत कुठं होतीस?"

भामानं ताटातला भात उगाच इकडचा तिकडं केला. "मी रोज बोलत होते. तू ऐकाला नव्हतास. सकाळी च्या घेताना बोलायची, आता आनंद्या उठला आसंल. कैऱ्या आल्या की बोलायची. केतन मला हसायचा, आई भिंतीसंगं बोलते." तिनं नाक पुसलं. "आलास नि तो टोप बघून तुजा चेहरा कसा झाला, ते बघितलं मी. मनात बोलले, पोटभर वाढीन आज याला. नि मंग पाय धुवाला बसले."

"मी खाणार होतो सगळं."

"माहीत हाय. म्हणून तर उचललं. भाऊ मारून मिटवाचं नाय मला भांडण."

मागं मनिषा उभी होती. आता ती वाकून हळूच म्हणाली, "आत्या, दोन लहान फोडी चालतात. रस्सा न घेता. डॉक्टरांनी सांगितलंय. आणि सांभाळलं तर खूप वर्षं काही होत नाही, आता चांगल्या गोळ्या आहेत."

"मंग दोन फोडी धुऊन आण, पोरी. गरम पाण्यानं. नि तू जेव आता, सकाळपासून तुजं तोंड सुकलंय."

मनिषा गेली. भामा एकेक घास त्याच्यासमोर करत होती आणि तो खात होता. संध्याकाळ होत आली होती, मांडवातले दिवे लागले. स्नेहल खिडकीतून डोकावली आणि दोघांना एका ताटात बघून तशीच उभी राहिली, हाक न मारता.

बराच वेळ आनंदाच्या ओठावर एक प्रश्न होता. तो त्यानं डॉक्टरीणबाईला विचारला नव्हता, हरेशला नाही, मनिषाला नाही. तो विचारण्याजोगं माणूस जगात एकच होतं, आणि ते नऊ वर्षं दूर होतं.

"ताई," त्यानं ताटात बघत विचारलं, "पाय सुजल्यावर आय किती दिस होती गं?"

भामाचा हात भातात थांबला. मग तिनं घास केला, नीट वळला.

"लय वर्सं," ती म्हणाली. "तुला नाय आठवाचं. तू ल्हान होतास."

आनंदा लहान नव्हता. मिशी फुटली होती त्याला, आगरात बापाबरोबर उभा राहून काम करत होता. पावसाळ्याच्या तोंडाला आईचे पाय सुजले आणि त्या वर्षी त्यांच्या घरावर दिवाळीचा कंदील लागला नाही. पुढचा खांदा त्यानंच दिला होता, आणि भामा त्याच्या मागोमाग वेशीपर्यंत अनवाणी आली होती.

त्यानं वर बघितलं. ती घास घेऊन थांबली होती.

"हां," आनंदा म्हणाला. "ल्हानच होतो मी." आणि त्यानं तोंड उघडलं.